डिसोजा, डिसोझा, सोझा, सूझा: एका पोर्तुगीज आडनावाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी वसईचा डिसोजा. घरी सामवेदी ही वसईकडची बोली बोलतो, बाहेर मराठी, आणि आडनाव सांगितलं की समोरचा हमखास विचारतो, "मग तुम्ही मूळचे पोर्तुगालचे का?" विरार लोकलमध्ये, लग्नाच्या मांडवात, बँकेच्या खिडकीवर हाच प्रश्न. उत्तर दोन स्टेशनांच्या अंतरात मावत नाही, म्हणून एकदाचं लिहून काढलं.

‘डिसोजा’ या शब्दाचा अर्थ काय?

सोझाचा. आपल्या पद्धतीनं म्हणायचं तर ‘सोझेकर’. पोर्तुगीज ‘दे’ म्हणजे चा-ची-चे, आणि सोझा हे एका नदीचं नाव. चिपळूणचा तो चिपळूणकर, तसाच हा प्रकार. आपण ‘कर’ मागे जोडतो, ते ‘दे’ पुढे लावतात.

आडनावात ‘डि’ असला की घराणं खानदानी, अशी एक समजूत आहे. फ्रेंच किंवा जर्मन नावांवरून ती आपल्याकडे आली असावी. पोर्तुगीज ‘दे’ला असला काही मान नाही. तो इतका बिनमहत्त्वाचा की लिस्बनच्या यादीत सोझा ‘स’खाली सापडतो. मुंबईत मात्र आम्ही सगळे ‘ड’खाली, डिकुन्हा आणि डिमेलोंच्या शेजारी.

सगळी पोर्तुगीज आडनावं गावांची नसतात, हेही इथेच सांगतो. रॉड्रिग्ज म्हणजे रोद्रिगोचा मुलगा, फर्नांडिस म्हणजे फर्नांदोचा. पेरेरा म्हणजे नाशपातीचं झाड, सिल्वा म्हणजे रान. डिसोजा पाण्याचे.

ही सोझा नदी आहे तरी कुठे?

पोर्तुगालच्या उत्तरेला. फेल्गेइरासच्या डोंगराळ भागात उगम पावते, लोझादा, पेनाफियेल, पारेदेस असा प्रवास करते आणि पोर्तो शहराच्या अलीकडे, गोंदोमार भागात दोउरो नदीला मिळते. नदी मोठी नाही. आपल्याकडे असती तर शाळेच्या नकाशात आलीही नसती. पण तिच्या खोऱ्यात बाराव्या-तेराव्या शतकातली दगडी चर्च आणि मठ इतके दाटीवाटीनं उभे आहेत की १९९८ साली तिथे त्यांच्या दर्शनाचा एक खास पर्यटनमार्ग सुरू झाला.

नदीच्या नावाचा अर्थ काय, यावर वाद आहे. काहीजण लॅटिनमधल्या ‘खडक’ अर्थाच्या शब्दाकडे बोट दाखवतात, काही रानकबुतराकडे. मला दोन्हींत कुणाची बाजू घ्यावीशी वाटत नाही.

पहिला सोझा कोण?

अकराव्या शतकातला एगास गोमेस दे सोझा. नदीकाठच्या मुलखाचा तो धनी होता. त्याचं स्वतःचं नाव एगास, ‘गोमेस’ म्हणजे बापाच्या नावावरून आलेलं, आणि ‘दे सोझा’ म्हणजे ताब्यातला मुलूख. आपल्या नाव-वडिलांचं नाव-आडनाव या रचनेसारखीच ही रचना. पोर्तुगाल हे राज्य म्हणून उभं राहण्याआधीपासूनची जी मोजकी मोठी घराणी मानली जातात, त्यांत हे एक. फेल्गेइरासजवळचा पोंबेइरोचा बेनेडिक्टिन मठ त्यांच्या आश्रयावर वाढला.

आता गंमत ऐका. या मूळ घराण्याचा पुरुषवंश तेराव्या शतकातच संपला. आडनाव तिथेच बुडायचं, पण मुली होत्या आणि मुलींकडे जमिनी होत्या. राजा तिसरा अफोंसो याच्या दोन अनौरस मुलांच्या घरांत हा वारसा या बायकांमार्फत गेला. पुढच्या पिढ्यांनी बापाकडचं नव्हे, आईकडचं नाव लावलं, कारण मान आणि मुलूख त्या नावाला होता. त्यातून दोन शाखा झाल्या, अरोंशेसचे सोझा आणि प्रादोचे सोझा. म्हणजे पोर्तुगालमधल्या खऱ्याखुऱ्या सरदार सोझांनासुद्धा हे आडनाव बापाच्या बापाच्या बापाकडून सलग आलेलं नाही. ‘अस्सल’ डिसोजा शोधायला निघालेल्यांनी एवढं लक्षात ठेवावं.

मग पोर्तुगालमधले सगळे सोझा या सरदारांचे वंशज का?

नाही. बहुतेकांचा त्यांच्याशी संबंध नाही. खोऱ्यातून बाहेर पडलेला कोणीही शेतकरी, सुतार, खलाशी दुसऱ्या गावात ‘सोझाकडचा’ म्हणून ओळखला जाऊ शकत होता. सरदाराच्या पदरी असलेले, त्याच्या नावानं बाप्तिस्मा झालेले, तेही सोझा झाले.

शिवाय पोर्तुगालमध्ये आडनाव ही फार काळ सैल गोष्ट होती. बाप्तिस्म्याच्या वेळी पाद्री मुलाचं फक्त पाळण्यातलं नाव लिहायचा. आडनाव पुढे मोठेपणी चिकटायचं. मोठ्या भावाला बापाचं, धाकट्याला आईच्या वडिलांचं, आणि बहिणीला कुठल्याच घराण्याचं नाही, नुसतं ‘दे जेझुस’ किंवा ‘दो रोझारियो’ असं भक्तीचं नाव, हे सर्रास चालायचं. १९११ साली तिथे सक्तीची नागरी नोंदणी आली आणि मग कुठे या प्रकाराला शिस्त लागली. आजही पोर्तुगीज माणसाला चार आडनावांपर्यंत मुभा आहे. साधारण रीत अशी की आईकडचं आधी, बापाकडचं शेवटी.

हे आडनाव समुद्रापलीकडे कधी गेलं?

सोळाव्या शतकात, आणि थेट सत्तेच्या खुर्चीवर बसून गेलं. मार्तिम अफोंसो दे सोझा १५३० च्या डिसेंबरात लिस्बनहून ताफा घेऊन ब्राझीलला निघाला. जानेवारी १५३२ मध्ये त्यानं साओ व्हिसेंते वसवलं, ब्राझीलमधली पोर्तुगीजांची पहिली कायमची वसाहत. त्याचा भाऊ पेरो लोपेस दे सोझा सोबत होता. त्यानं लिहिलेली प्रवासाची रोजनिशी आजही उपलब्ध आहे. पुढे १५४९ साली त्याच घराण्यातला तोमे दे सोझा ब्राझीलचा पहिला गव्हर्नर-जनरल झाला आणि त्यानं बाहिया भागात साल्वादोर शहराचा पाया घातला. हा तोमे एका मठाधिपतीचा अनौरस मुलगा. या घराण्यात अनौरस मुलांनी बरंच काही केलं आहे.

ब्राझीलमध्ये नंतर जे झालं ते संख्येच्या दृष्टीनं फार मोठं. तिथे पोर्तुगीज वसाहतवाले गेले, स्थानिकांचे बाप्तिस्मे झाले, आणि आफ्रिकेतून आणलेल्या लाखो गुलामांना मालकाचं किंवा एखाद्या संताचं नाव चिकटलं. १८८८ मध्ये गुलामगिरी संपली तेव्हा मोकळ्या झालेल्या अनेकांनी तीच नावं पुढे चालवली. आज सोझा हे ब्राझीलमधल्या सर्वांत प्रचलित पाच आडनावांपैकी एक आहे. जगातले सर्वाधिक सोझा पोर्तुगालमध्येही नाहीत आणि गोव्यातही नाहीत, ते ब्राझीलमध्ये आहेत.

तोच मार्तिम अफोंसो आपल्याकडेही आला होता ना?

हो, दोनदा. पहिल्यांदा १५३४ मध्ये, समुद्री दलाचा प्रमुख म्हणून. त्याच्याच ताफ्यातून वैद्य गार्सिया द ओर्ता भारतात आला. मुंबई बेट ज्याच्याकडे पुढे खंडानं होतं आणि ज्याचं औषधी वनस्पतींवरचं पुस्तक १५६३ साली गोव्यात छापलं गेलं, तोच हा ओर्ता. १५३४ च्या अखेरीस गुजरातच्या बहादूरशहानं तहानं वसई पोर्तुगीजांना दिली, तेव्हाही मार्तिम अफोंसो याच किनाऱ्यावर होता.

दुसऱ्यांदा आला तो गव्हर्नर म्हणून, ६ मे १५४२ रोजी गोव्यात उतरला. त्याच्या जहाजावर एक जेझुइट पाद्री होता, फ्रान्सिस झेवियर. पुढच्याच वर्षी, १५४३ मध्ये, आदिलशहाकडून बारदेश आणि साष्टी हे दोन तालुके पोर्तुगीजांना मिळाले. यावरून सोपा निष्कर्ष निघतो की गोव्यातले डिसोजा या गव्हर्नरच्या नावावरून पडले. मला स्वतःला बरीच वर्षं हाच निष्कर्ष आवडायचा. पण त्याची कारकीर्द १५४५ मध्येच संपली आणि या दोन तालुक्यांतली मोठी धर्मांतरं त्यानंतरची. तोवर पोर्तुगीज सैन्यात, कचेऱ्यांत आणि मठांत शेकड्यानं इतर सोझा येऊन बसले होते. एका माणसावर सगळं ढकलायची गरज नाही.

गोव्यातल्या आणि वसईतल्या लोकांना हे आडनाव मिळालं कसं?

पाण्यासोबत. बाप्तिस्म्याच्या वेळी नवं ख्रिस्ती नाव मिळायचं आणि त्याबरोबर एक पोर्तुगीज आडनावही. हे आडनाव बहुधा धर्मपित्याचं असे, म्हणजे बाप्तिस्म्याला जामीन म्हणून उभ्या राहिलेल्या माणसाचं. कधी बाप्तिस्मा देणाऱ्या पाद्र्याचं, कधी तिथल्या एखाद्या अधिकाऱ्याचं. धर्मांतरं वाड्याच्या वाडे, गावच्या गावं अशी झाली, तेव्हा एकाच दिवशी एकाच धर्मपित्याच्या नावानं पंचवीस घरं सोझा होऊ शकत होती. आणि सख्खे भाऊ वेगवेगळ्या दिवशी चर्चमध्ये गेले तर एक सोझा, दुसरा फर्नांडिस.

बारदेशात फ्रान्सिस्कन, साष्टीत जेझुइट, वसईच्या बाजूला आधी फ्रान्सिस्कन आणि मग इतर, असे हे पाद्री वाटले गेले होते. कोण उच्च जातीचा, कोण खालच्या, हे आडनावावरून कळत नाही ते धर्मपित्यांच्या या नावांमुळे. ब्राह्मण, चार्डो (म्हणजे क्षत्रिय), कोळी, कुणबी, सगळ्यांत डिसोजा आहेत. जात ख्रिस्ती झाल्यावरही पुसली गेली नाही, तेवढं मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवं. लग्न जमवताना ती अजून विचारली जाते, फक्त आडनावावरून ओळखता येत नाही म्हणून गाव आणि वाडा विचारून काढली जाते.

म्हणून मूळ प्रश्नाचं उत्तर: नाही, आम्ही पोर्तुगालचे नाही. आम्ही इथलेच. नाव तेवढं परदेशी.

धर्मांतरापूर्वीचं आडनाव सापडू शकतं का?

कधी कधी. गोव्यात गावकरीच्या, म्हणजे कोमुनिदादच्या दप्तरात सर्वांत चांगली शक्यता. गावाच्या सामायिक जमिनीचे हक्कदार वांगडांत, म्हणजे कुळांत, विभागलेले असत आणि उत्पन्नातला वाटा त्या हिशेबानं मिळे. धर्म बदलला, आडनाव बदललं, पण वाट्याचा हिशेब बदलला नाही. पैशाचा हिशेब ठेवणारे कागद श्रद्धेच्या कागदांपेक्षा चोख असतात.

मंगळूरच्या कॅथलिकांत काही घराण्यांनी जुनी नावं आठवणीत ठेवली: प्रभू, पै, शेणै, कामत, नायक. अलीकडे काहींनी ती पुन्हा लावायला सुरुवात केली आहे. एका लग्नपत्रिकेवर डिसोजा आणि प्रभू ही दोन्ही नावं एकापुढे एक छापलेली मी पाहिली आहेत. वसईत बहुतेकांचं जुनं नाव हरवलंय. आमच्यात ओळख चालते ती घराच्या नावावर.

एका गावात तीस डिसोजा घरं. सगळे भाऊबंद?

अजिबात नाही. पोस्टमनला विचारा. आमच्या वाडीत पत्रावर नुसतं ‘डिसोजा’ असेल तर तो सायकल थांबवून आधी हाक मारतो, "माडीवालो का इरीकडलो?" पहिला म्हणजे ज्याच्या आजोबांनी पहिल्यांदा माडीचं घर बांधलं तो, दुसरा म्हणजे विहिरीजवळ राहणारा. सरकारी कागदांवर आम्ही सगळे एक आणि वाडीत प्रत्येकाचं नाव निराळं.

मंगळूरमध्ये इतके डिसोजा कसे?

गोव्यातून गेले. सोळाव्या शतकापासून अठराव्यापर्यंत लाटा-लाटांनी. कारणं अनेक: १५६० पासूनचं इन्क्विझिशन, ज्यात नव्या ख्रिस्तींच्या जुन्या चालीरीतींवर शिक्षा होत, दुष्काळ आणि कर, आणि लढाया. १६८३ च्या अखेरीस संभाजी महाराजांनी बारदेश आणि साष्टीवर स्वारी केली, १७३९ मध्ये पुन्हा मराठी फौजा साष्टीत होत्या. शेतकरी कुटुंबं दक्षिणेला कानडी मुलखात सरकत गेली, तिथल्या राज्यकर्त्यांना शेती करणारे हात हवेच होते.

पुढे १७८४ मध्ये टिपू सुलताननं इथल्या कॅथलिकांना पकडून श्रीरंगपट्टणला नेलं. १७९९ मध्ये टिपू पडला तेव्हा जे वाचले ते परतले. तिथल्या कित्येक डिसोजा घरांत आजही घराण्याची गोष्ट या कैदेपासूनच सुरू होते. त्याआधीचं आठवायला माणसंच फारशी उरली नव्हती.

आणि वसई-मुंबईचे?

आमचा किस्सा वेगळा. आम्ही कुठून आलो नाही आणि फारसे कुठे गेलोही नाही. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी वसईचा किल्ला घेतला, पोर्तुगीज गेले, आडनावं राहिली. मराठ्यांच्या राज्यात आणि नंतर इंग्रजांच्याही राज्यात आम्ही डिसोजाच राहिलो, शेती केली, मराठी बोललो. मुंबई, साष्टी बेट (हे मुंबईचं, गोव्यातली साष्टी वेगळी) आणि ठाण्याकडच्या ख्रिस्तींनी १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी, ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतलं. नोकऱ्यांसाठी येणाऱ्या गोवेकर आणि मंगळूरकर डिसोजांपासून आपण वेगळे, हे इंग्रजांना कळावं हा त्यामागचा हिशेब. आडनाव सारखं असल्याचा असाही त्रास.

बरोबर स्पेलिंग कोणतं? एस की झेड, आणि मधला तो स्वल्पविराम?

पोर्तुगीजांच्या जुन्या लिखाणात दोन्ही चालत. १९११ च्या लेखनसुधारणेनंतर पोर्तुगालनं एस पक्का केला. ब्राझीलमध्ये झेडवाले जास्त. उच्चारात काही फरक नाही, दोन्हीकडे मधला वर्ण ‘झ’सारखाच.

वरचा तो लटकता स्वल्पविराम, म्हणजे अपॉस्ट्रॉफी, ही मात्र इंग्रजी अमदानीतली आपली खास कमाई. पोर्तुगीजमध्ये ‘दे’चा ‘द्’ होतो तो पुढे स्वर असेल तेव्हा, उदाहरणार्थ ‘द’आल्मेइदा’. ‘सोझा’ व्यंजनानं सुरू होतो, तिथे तो बसत नाही. लिस्बनच्या माणसाला डिसोजा हे लिखाण विचित्र वाटतं. पण चुकीचं म्हणून सोडून द्यायला आता उशीर झाला. चित्रकार एफ. एन. सूझा यांनी तो ‘डि’ काढूनच टाकला होता. १९२४ साली बारदेशातल्या साळगावात जन्मलेले, १९४७ मध्ये मुंबईत प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप उभा करणाऱ्यांतले प्रमुख, ते हे सूझा. त्यांच्या चित्रांवरची सही नुसती ‘सूझा’.

मराठीतला प्रश्न साधा आहे. आपल्या ‘ज’ला दोन उच्चार आहेत, ‘जीव’मधला आणि ‘जागा’मधला. ‘डिसोजा’तला ज ‘जागा’मधला. म्हणून वसईकर ‘ज’ लिहितो आणि त्याचं काही अडत नाही. ‘झ’ लिहिणाऱ्यांशी माझं भांडण नाही. भांडण आहे ते संगणकाशी. माझ्या आधार कार्डावर अपॉस्ट्रॉफी नाही, पॅनवर जागा सोडली आहे, आणि शाळेच्या दाखल्यावर आहे. एका कार्यालयात मला ‘ही तीन वेगवेगळी माणसं आहेत’ असं सांगून शपथपत्र करायला परत पाठवलं. शंभर रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर मी लिहून दिलं की मी मीच आहे.

श्रीलंकेतलं ‘दे सोयसा’ हेच का?

हेच. ‘दे झोयसा’ही तेच. पोर्तुगीज तिथे १५०५ मध्ये पोचले आणि १६५८ मध्ये डचांनी त्यांना हाकललं, पण सिंहली लोकांनी आडनावं ठेवली. विशेष म्हणजे यांतले कितीतरी बौद्ध आहेत. दे सोयसा, दे सिल्वा, परेरा, फर्नांडो या नावांची माणसं पौर्णिमेला विहारात जातात. आपल्याकडे आडनावाला धर्म चिकटलाय, तिकडे नाही.

आफ्रिकेतही डिसोजा आहेत असं ऐकलं. गोव्यातून गेलेले?

दोन प्रकारचे. मोझांबिक, झांझिबार, नैरोबी, कंपाला इथे गेलेले बहुतेक गोवेकर. कारकून, शिंपी, आचारी, बँडवाले म्हणून गेले. १९७२ मध्ये इदी अमीननं युगांडातून आशियाई लोकांना घालवलं तेव्हा त्यांतले बरेच इंग्लंड-कॅनडाला पोचले.

दुसरा प्रकार पश्चिम आफ्रिकेत, आजच्या बेनिन देशात, आणि तो फार वेगळा. तिथला मूळ पुरुष फ्रान्सिस्को फेलिक्स दे सोझा. ब्राझीलमधल्या साल्वादोरचा, म्हणजे तोमे दे सोझानं वसवलेल्या शहराचा. उईदा बंदरात तो गुलामांचा व्यापार करून अफाट श्रीमंत झाला. १८१८ मध्ये तिथल्या दाहोमे राज्याच्या गादीवर घेझोला बसवण्यात त्याचा हात होता आणि बदल्यात त्याला ‘चाचा’ हा किताब मिळाला. १८४९ मध्ये तो वारला. किताब अजून घराण्यात चालतो, आणि त्याच्या वंशजांची मोठी वस्ती त्या शहरात आहे. देशाच्या राजकारणात आणि चर्चमध्येही हे नाव वर आलं. पॉल-एमिल दे सोझा १९६९-७० मध्ये लष्करी राजवटीचे प्रमुख होते, आणि आर्चबिशप इसिदोर दे सोझा यांनी १९९० ची राष्ट्रीय परिषद चालवली, ज्यातून तिथे लोकशाही परतली.

त्याच किनाऱ्यावर ब्राझीलहून सुटून परतलेले गुलामही आले, विशेषतः १८३५ च्या बाहियातल्या उठावानंतर. पोर्तुगीज आडनावं घेऊनच आले. म्हणजे गुलाम विकणाऱ्याचं आणि विकल्या गेलेल्याचं आडनाव एकाच मोहल्ल्यात, कधी कधी एकाच घरात. या आडनावाबद्दल फुशारकी मारणाऱ्या माझ्या एका चुलतभावाला मी हे दर वेळी ऐकवतो.

अमेरिकेतले सूसा?

अझोर्स आणि मदेइरा बेटांवरून व्हेल मारणाऱ्या जहाजांवर गेलेले खलाशी न्यू बेडफर्डकडे उतरले. १८७८ पासून हवाईच्या उसाच्या मळ्यांवर मदेइराचे मजूर गेले. त्यांतून तिकडचे सोझा.

सर्वांत प्रसिद्ध मात्र बँडवाला जॉन फिलिप सूसा, १८५४ मध्ये वॉशिंग्टनला जन्मलेला. ‘द स्टार्स अँड स्ट्राइप्स फॉरेव्हर’ ही अमेरिकेची अधिकृत राष्ट्रीय कूचधून त्याची, आणि अंगाभोवती गुंडाळून वाजवायच्या त्या अजस्र पितळी वाद्याला ‘सूसाफोन’ हे नाव त्याचंच. त्याच्या हयातीतच एक थाप पसरली: हा मूळचा परदेशी, ट्रंकेवर स्वतःच्या नावाची आद्याक्षरं ‘एस. ओ.’ आणि पुढे देश ‘यू. एस. ए.’ असं लिहून बोटीवर चढला, ते जोडून ‘सूसा’ झालं. जर्मनांनी त्याला जर्मन केलं, इंग्रजांनी इंग्रज, ग्रीकांनी ग्रीक. सूसा बिचारा आयुष्यभर हे खोडत राहिला. त्याचे वडील स्पेनमधल्या सेव्हिलचे, पोर्तुगीज आईबापांचे, आई बव्हेरियाची. आडनाव साधंसुधं पोर्तुगीज.

स्पॅनिश ‘सोसा’?

तेच आडनाव, स्पॅनिश तोंडातलं. अर्जेंटिना-उरुग्वेपासून डॉमिनिकन रिपब्लिकपर्यंत सापडतं.

डिसोजा मुळात ज्यू असतात म्हणे?

पोर्तुगालमध्ये १४९७ साली ज्यूंना सक्तीनं ख्रिस्ती केलं तेव्हा त्यांनाही सर्वसामान्य ख्रिस्ती आडनावंच मिळाली, त्यात सोझाही आलं. म्हणजे काही सोझा ज्यू वंशाचे असू शकतात. पण आडनाव हा त्याचा पुरावा नाही, कारण शेजारचा जुना ख्रिस्तीही सोझाच. ‘झाडांची नावं असली की ज्यू’ हा नियमही असाच ऐकीव.

डिसोजांचं कुलचिन्ह मिळेल का? फ्रेम करून लावायचंय.

लावा, पण तुमचं नाही. मूळ सोझांच्या ढालीवर लाल रंगावर चार रुपेरी चंद्रकोरी आहेत. राजाच्या मुलांशी सोयरीक झाल्यावर अरोंशेस शाखेनं त्या चंद्रकोरींच्या जोडीला पोर्तुगालची राजचिन्हं घेतली, प्रादो शाखेनं राजचिन्हांबरोबर सिंह. सिंत्राच्या राजवाड्यात बहात्तर घराण्यांच्या ढालींचं छत आहे, त्यात सोझाही आहेत. ढाल शाखेची असते, आडनावाची नव्हे. दुकानात तीनशे रुपयांना जी मिळते ती कुठली शाखा, हे दुकानदारालाही ठाऊक नसतं.

आडनाव डिसोजा आहे म्हणून पोर्तुगीज पासपोर्ट मिळतो का?

नाही. आडनावाचा काडीचा संबंध नाही. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी पोर्तुगीज अमलाखालच्या गोवा, दमण, दीवमध्ये जन्मलेल्यांचा आणि त्यांच्या पुढच्या पिढ्यांचा हा विषय आहे, आणि तो जन्मनोंदीवर चालतो. डिचोलीतल्या नाईकांना मिळू शकतो, वसईतल्या डिसोजांना नाही. आमच्याकडून पोर्तुगीज १७३९ मध्येच गेले. आणि भारताला दुहेरी नागरिकत्व चालत नाही, हे एजंट शेवटी सांगतो, तुम्ही आधी विचारा.

माझ्या घराण्याचा माग काढायचा तर सुरुवात कुठून करू?

घरातल्या ट्रंकेतून. मग ज्या चर्चमध्ये आजोबांचा बाप्तिस्मा झाला तिथून. बाप्तिस्म्याच्या आणि लग्नाच्या वह्या ठेवण्याचा दंडक ट्रेंटच्या परिषदेनंतरचा, म्हणजे १५६३ नंतरचा, पण वाळवी, पावसाळा आणि लढाया यांतून फार जुन्या वह्या क्वचितच वाचल्या आहेत. गोव्यात नागरी नोंदणी १९१४ पासून आहे. पणजीच्या पुराभिलेखागाराची परंपरा १५९५ पर्यंत मागे जाते, त्या साली इतिहासकार दियोगो दो कोतो याला गोव्यातल्या दप्तराचा पहिला रखवालदार नेमलं होतं.

जाताना तीन गोष्टी लक्षात असू द्या. नाव एकाच स्पेलिंगनं शोधू नका, एस, झेड, डि, दे, सगळं बघा. आडनावाऐवजी पाळण्यातलं नाव, आईचं नाव आणि गाव यांवर भर द्या. आणि धर्मपित्याचा रकाना कधीही सोडू नका.

हे तिसरं मी अनुभवानं सांगतो. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्यांची गोष्ट अशी की पहिल्या पूर्वजाला कुणा सोझा कप्तानानं हात धरून चर्चमध्ये नेलं. चर्चच्या ऑफिसात एका दुपारी फादरांनी कपाटातली सर्वांत जुनी वही काढून दिली. कडा कुरतडलेल्या, शाई तपकिरी झालेली, अक्षर तिरकं. तासाभरानं आमच्या वाडीचं नाव सापडलं, मग पणजोबांच्या वडिलांची नोंद: अमुकचा औरस मुलगा, आठ दिवसांचा. बापाच्या नावापुढे ‘दे सोझा’ आधीपासूनच होतं. मी बोट सरकवत धर्मपित्याच्या रकान्याशी आलो. तिथे स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं, परेरा.